मॅकओएससाठी डेस्कटॉपची जुळणी: सुटे भाग घेण्यापूर्वी काय ठरवावे

आपण विचारले आहे की रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि सॅमसंगची एनव्हीएमई डिस्क अशी जुळणी करून तिच्यावर मॅकओएस चालवता येईल का, फायनल कट प्रोमध्ये व्हिडिओ संकलनासाठी ती पुरेशी ठरेल का, दुसऱ्या डिस्कवर विंडोज ठेवता येईल का, आणि ॲपलने इंटेलची साथ सोडल्यानंतर आज या खटाटोपात अर्थ उरला आहे का. या यादीतल्या भागांवर आपल्याला हवा तसा मॅक चालणार नाही. वेगळे भाग निवडल्यास फायनल कट उत्तम चालेल, आणि विंडोजही सुखाने शेजारी नांदेल. अर्थ आहे की नाही, हे मात्र आपल्याकडे आज कोणते सामान पडून आहे यावर ठरेल. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण या कामातले यशापयश जुळणीच्या टेबलावर नव्हे, तर खरेदीच्या यादीतच बहुतांशी ठरून गेलेले असते.

विंडोजच्या सवयीमुळे आपण असे गृहीत धरतो की भाग बाजारात मिळतो, म्हणजे त्याचा ड्रायव्हरही, म्हणजे तो भाग चालवणारे सॉफ्टवेअरही, कुठेतरी मिळेलच. विंडोजसाठी प्रत्येक उत्पादक स्वतः ड्रायव्हर लिहितो, म्हणून तिथे हे गृहीतक खरे ठरते. मॅकओएसमध्ये मात्र मुख्यतः ॲपलने आपल्या संगणकांत बसवलेल्या भागांचेच ड्रायव्हर असतात. ॲपलने २००६ पासून इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली, म्हणूनच साध्या पीसीवर मॅकओएस चालवणे, म्हणजे हॅकिंटॉश, शक्य झाले. पण ड्रायव्हरांची ही मर्यादा तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे. त्यामुळे प्रत्येक भागाबाबत एकच प्रश्न विचारावा: हा भाग, किंवा याच चिपवर बेतलेला भाग, ॲपलने कोणत्या मॅकमध्ये दिला होता? उत्तर सापडले तर घ्यावा, नाही सापडले तर वेग आणि किंमत कितीही आकर्षक असली तरी सोडून द्यावा.

हा प्रश्न ग्राफिक्स कार्डाला लावून पाहा. एनव्हीडियाची चिप असलेले शेवटचे मॅक केप्लर पिढीचे होते, आणि त्या पिढीचे ड्रायव्हरही ॲपलने मॅकओएसच्या २०२१ च्या मॉन्टेरी या आवृत्तीत काढून टाकले. त्यानंतरच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी एनव्हीडिया स्वतःचा वेगळा ड्रायव्हर देत असे, पण तो हाय सिएरा या आवृत्तीच्या पुढे, म्हणजे २०१८ च्या मोहावीपासून, कधीच चालला नाही. आरटीएक्स मालिकेसाठी मॅकओएसचा ड्रायव्हर अस्तित्वातच नाही. म्हणजे आपले ३०६० कार्ड कितीही दमदार असले तरी मॅकओएसला ते ओळखता येणार नाही. फार तर प्रवेगाविना एक साधे, अडखळणारे चित्र पडद्यावर येईल, आणि त्यावर संकलन अशक्य आहे. कोणतीही फाइल बदलून यातून वाट निघत नाही.

एएमडीच्या कार्डांत हीच कसोटी फार उपयोगी पडते. ॲपलने २०१९ च्या मॅक प्रोसाठी २०२१ च्या ऑगस्टमध्ये रेडिऑन प्रो डब्ल्यू६८००एक्स आणि डब्ल्यू६९००एक्स ही कार्डे आणली, आणि पुढे २०२२ मध्ये डब्ल्यू६६००एक्स आणले. म्हणून आरएक्स ६८००, ६८०० एक्सटी, ६९०० एक्सटी, तसेच ६६०० आणि ६६०० एक्सटी ही बाजारातली कार्डे मॅकओएस सरळ ओळखते. यांच्या मधोमध बसणारे आरएक्स ६७०० एक्सटी मात्र वेगळ्या चिपवर बेतलेले आहे, ती चिप कोणत्याही मॅकमध्ये आली नाही, आणि म्हणून ते कार्ड मूळ ड्रायव्हरवर चालत नाही. ६४०० आणि ६५०० एक्सटी यांचेही तेच, आणि ७००० मालिकेचा तर प्रश्नच नाही. आपल्या कामासाठी मी आरएक्स ६६०० सुचवेन: वीज कमी खाते, तापत नाही, आणि फोर-के संकलनाला पुरते. या पिढीच्या कार्डांना, यंत्र सुरू होताना मॅकओएसला दिल्या जाणाऱ्या सूचनांत ‘एजीडीपीमॉड’ हा पर्याय ‘पिकेरा’ या मूल्यासह द्यावा लागतो. तो राहून गेला की प्रणाली आत नीट चालू झालेली असते, पण पडदा काळा दिसतो आणि माणूस विनाकारण कार्डाला दोष देत बसतो.

जुन्या बाजारातून, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन विक्री, आरएक्स ५७० किंवा ५८० घेण्याचा मोह होतो, आणि ती कार्डे खरोखर चालतातही. पण दोन गोष्टी तपासाव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर करणे बंद झाल्यावर अशी बरीच कार्डे बाजारात आली, आणि त्यांतील काहींचे बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर, बदललेले असते. मूळ बायोस परत घातल्याशिवाय ती नीट वागत नाहीत. दुसरे असे की नाव सारखे असले तरी आतली चिप सारखी असेलच असे नाही. आरएक्स ५५० हे कार्ड बॅफिन आणि लेक्सा अशा दोन चिपांवर विकले गेले. बॅफिन चालते, लेक्सा चालत नाही. ‘५८०’ च्या पुढे ‘२०४८एसपी’ असे लिहिले असेल तर तेही सोडावे. विक्रेत्याकडे कार्ड चालू यंत्रात लावून, जीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिपचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत.

प्रोसेसरबाबत आपण रायझन निवडला आहे. तो चालू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ॲपलने एएमडीचा प्रोसेसर कधीच वापरला नाही, त्यामुळे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चालू होताना त्यात ठिकठिकाणी दुरुस्त्या पेराव्या लागतात, आणि त्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर नव्याने तपासाव्या लागतात. आभासी यंत्रांसाठी ॲपलने दिलेली सोय रायझनवर काम करत नाही, म्हणून डॉकरसारखी साधने चालत नाहीत. इंटेलच्या प्रोसेसरातल्या अंगभूत ग्राफिक्सची मदतही संकलनाला मिळत नाही. ज्याच्याकडे रायझन आधीच आहे त्याने जरूर प्रयत्न करावा. जो नव्याने घेणार आहे त्याने ही वाट धरू नये.

२०२० च्या ऑगस्टमध्ये आलेला २७ इंची आयमॅक हा इंटेलच्या दहाव्या पिढीवरचा होता. डेस्कटॉपसाठी हीच पिढी सर्वांत निर्धोक आहे, कारण अकराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणि त्यापुढचे कोणतेही इंटेल प्रोसेसर ॲपलने घेतले नाहीत. अकरावी, बारावी पिढी दहावीचे सोंग घेऊन चालवता येते, पण त्यांचे अंगभूत ग्राफिक्स कायमचे निकामी राहते. म्हणून कोअर आय५-१०४०० किंवा आय७-१०७०० घ्यावा, आणि नावापुढे ‘एफ’ नसलेलाच घ्यावा. ‘एफ’ असलेला थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. आपल्याला मात्र तेच हवे आहे. पडदा आरएक्स ६६०० ला जोडायचा आणि अंगभूत ग्राफिक्स पडद्याविना, फक्त व्हिडिओच्या संकोचन-विस्ताराच्या कामाला ठेवायचे, अशी रचना खऱ्या आयमॅकमध्येही असते.

या प्रोसेसरना एलजीए १२०० चा मदरबोर्ड लागतो. झेड४९०, एच४७०, बी४६० यांपैकी कोणताही चालेल. बी५६० स्वस्तात मिळाला तर तोही चालतो, मात्र दहाव्या पिढीचा प्रोसेसर लावल्यावर त्याच्यावरची प्रोसेसरला थेट जोडलेली एम.२ जागा, म्हणजे एनव्हीएमई डिस्क बसवण्याची खाच, बंद राहते, हे दुकानदार क्वचितच सांगतो. डिस्क खालच्या एम.२ जागेत लावावी. बोर्डावर इंटेलचा आय२१९-व्ही हा नेटवर्क चिप असेल तर पुढचे एक काम वाचते.

डिस्कच्या बाबतीत सॅमसंगचे नाव मोठे असले तरी इथे ते टाळावे. पीएम९८१ ही ओईएम, म्हणजे तयार संगणकांच्या उत्पादकांना पुरवली जाणारी, डिस्क मॅकओएसवर यंत्र कोसळवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, ९७० ईव्हीओ प्लसला जुने फर्मवेअर असल्यास तोच त्रास होतो, आणि मॉन्टेरीपासून सॅमसंगच्या अनेक डिस्कांवर ट्रिमची, म्हणजे पुसलेली जागा मोकळी करण्याची, प्रक्रिया रेंगाळल्यामुळे यंत्र सुरू होण्यासच फार वेळ लागतो. वेस्टर्न डिजिटलची एसएन७७० घ्यावी. आपली सॅमसंग विंडोजसाठी उत्तम आहे, ती वाया जाणार नाही.

आता कोणती आवृत्ती बसवायची ते पाहू. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल. तीही इंटेलच्या फक्त चार मॉडेलांवर, ज्यांत २०२० चा आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो येतात. ॲपल साधारणपणे शेवटच्या तीन आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या देत असल्यामुळे या वाटेचा शेवट डोळ्यांसमोर दिसतो आहे. मी आज टाहो नव्हे, तर सिकोया, म्हणजे आवृत्ती १५, बसवण्याचा सल्ला देईन. टाहोमध्ये ॲपलने ध्वनीचा जुना ड्रायव्हर काढून टाकला आहे, त्यामुळे मदरबोर्डावरचा आवाज मिळवण्यासाठी प्रणालीच्या मूळ भागात हात घालावा लागतो, आणि संकलकाला आवाजाशी असली तडजोड परवडत नाही.

यावरून अर्थ आहे की नाही, याचे उत्तर निघते. एम४ चिपचा मॅक मिनी भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांना आला. आपण सगळे भाग नव्याने घेणार असाल, आणि रोजीरोटी या यंत्रावर अवलंबून असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: मॅक मिनी घ्या. फायनल कटमधील स्वयंचलित मथळ्यांसारख्या नव्या सोयी ॲपलच्या स्वतःच्या चिपवरच चालतात. त्या इंटेलवर येणार नाहीत. पण दहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि बोर्ड हाताशी असेल, फक्त कार्ड आणि डिस्क घ्यायची असेल, भरपूर रॅम आणि तीन-चार डिस्का एकाच पेटीत हव्या असतील, शिवाय यंत्राच्या पोटात शिरून ते समजून घेण्याची खरी आवड असेल, तर ही जुळणी अजून दोन-तीन वर्षे उत्तम साथ देईल. मला स्वतःला हे काम मनापासून आवडते, कारण संगणक चालू होताना नेमके काय घडते, हे इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मला शिकायला मिळाले नाही.

कायद्याची बाजूही सांगितलीच पाहिजे. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्या संगणकावर बसवण्याची मुभा देतो, म्हणजे घरच्या घरी केलेली जुळणीसुद्धा त्या कराराच्या बाहेर आहे. अमेरिकेतील सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये असे तयार संगणक विकायला काढले. ॲपलने खटला भरला, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. ग्राहकाला असे यंत्र करून विकणे, किंवा कार्यालयाच्या कामासाठी अशी यंत्रे उभी करणे, हे करू नये. प्रणाली ॲपलकडूनच उतरवून घ्यावी. कोणीतरी बनवून ठेवलेल्या तयार इन्स्टॉलर-फाइलीत काय मिसळले आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो.

प्रत्यक्ष कामात मध्यवर्ती भूमिका ओपनकोर या बूटलोडरची, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, असते. पूर्वी कॅमेलियन आणि क्लोव्हर वापरले जात, आता त्यांचा विचार करू नये. ओपनकोर डिस्कच्या ईएफआय विभागात, म्हणजे यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या छोट्या भागात, राहतो आणि मॅकओएसला सुरू होण्यापूर्वीच पटवून देतो की हा २०२० चा आयमॅक आहे. प्रणालीच्या फाइलींना तो हात लावत नाही, स्मृतीत बदल करतो. त्याच्यासोबत केक्स्ट नावाचे छोटे ड्रायव्हर द्यावे लागतात: मॅकमधील एसएमसी चिपची नक्कल करणारा व्हर्च्युअलएसएमसी, इतरांना आधार देणारा लिलू, ग्राफिक्ससाठी व्हॉटएव्हरग्रीन, आवाजासाठी ॲपलएएलसी, नेटवर्कसाठी इंटेलमौसी. एवढ्यांवर यंत्र उभे राहते. दुसऱ्याचा तयार ईएफआय विभाग उतरवून घेऊ नये, मदरबोर्डाचे नाव तंतोतंत जुळत असले तरीही. त्यातील कोणती ओळ कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने पहिल्याच अडचणीत हात बांधले जातात. डॉर्टानिया या गटाचे ऑनलाइन मार्गदर्शन समोर ठेवून ओपनकोरची कॉन्फिग फाइल ओळीगणिक स्वतः भरावी.

मदरबोर्डाच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट, सीएसएम आणि सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या एका नोंदीवरचे कुलूप) बंद, अबव्ह फोर-जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, साटा एएचसीआयवर, अंगभूत ग्राफिक्स चालू. काही बोर्डांत सीएफजी लॉकचा पर्याय दिसतच नाही. तेव्हा ओपनकोरमधील ॲपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक हा पर्याय लावावा.

सर्वाधिक दुर्लक्ष यूएसबीच्या नकाशाकडे, म्हणजे कोणते पोर्ट चालू ठेवायचे याच्या यादीकडे, होते, आणि झोपेतून न उठणे, ब्लूटूथ गायब होणे, बाहेरची डिस्क मध्येच तुटणे या तक्रारींचे मूळ बहुधा तिथेच असते. मॅकओएस एका यूएसबी नियंत्रकावर फक्त १५ पोर्ट मानते. बोर्डावर तेवढी भोके दिसत नाहीत, म्हणून हा आकडा पुरेसा वाटतो. पण निळे, यूएसबी ३ चे प्रत्येक भोक हे दोन पोर्ट म्हणून मोजले जाते, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या वेगाचा. त्यात पेटीच्या पुढच्या बाजूचे, बोर्डावरील दिव्यांच्या नियंत्रकाचे आणि ब्लूटूथचे पोर्ट मिळवले की संख्या मर्यादेपलीकडे जाते. हे काम विंडोजमध्येच करून घेणे सोपे. यूएसबीटूलबॉक्स हा प्रोग्रॅम उघडावा, एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह घ्यावा, आणि प्रत्येक भोकात दोन्ही लावून पडद्यावर कोणती ओळ उजळते ते कागदावर टिपत जावे. मग न लागणारे पोर्ट गाळून पंधराच्या आत यावे. मागच्या बाजूच्या एखाद्या भोकाला कायम कळफलकच लागणार असेल, तर त्याचा नव्या वेगाचा पोर्ट निर्धास्तपणे काढावा. ब्लूटूथच्या पोर्टाचा प्रकार ‘अंतर्गत’, म्हणजे २५५, असा नोंदवावा. ती एक नोंद चुकल्याने यंत्र झोपी जाताच जागे होते. कामाला तासभर लागतो, पण पुढे अनेक महिने डोकेदुखी राहत नाही.

वाय-फायची गरज असेल तर आणखी एक सूचना: एकेकाळी सर्वजण ब्रॉडकॉमचे ९४३६० कार्ड सुचवत, परंतु २०२३ च्या सोनोमा या आवृत्तीपासून ॲपलने त्याचा आधार काढला. आज ते घेण्यात अर्थ नाही. संकलकाला तारेचे इथरनेटच हितकारक.

पहिल्यांदा सुरू करताना ‘-व्ही’ हा पर्याय जरूर ठेवावा, म्हणजे सफरचंदाऐवजी मजकूर धावताना दिसतो आणि यंत्र कुठे अडले ते वाचता येते. बहुतेकांचे यंत्र अगदी आरंभीच, ‘एक्झिटबीएस स्टार्ट’ या ओळीवर थांबते. त्या क्षणी फर्मवेअर ताबा सोडत असते आणि कर्नल तो घेत असतो, म्हणून केक्स्ट बदलत बसण्याचा तिथे काहीही उपयोग नसतो. अडचण स्मृतीच्या मांडणीत किंवा सीएफजी लॉकमध्ये असते. कॉन्फिग फाइलमधील बूटर विभागाचे पर्याय आपल्या चिपसेटसाठी सांगितलेले आहेत ना, ते पुन्हा पडताळावे. ही ओळ ओलांडून यंत्र पुढे गेले की मगच केक्स्टकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

यंत्र स्थिरावल्यावर ईएफआय विभागाची प्रत एका पेनड्राइव्हवर ठेवावी आणि कोणतेही अद्ययावतीकरण आधी त्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. ओपनकोर आणि केक्स्ट आधी, प्रणाली नंतर, हा क्रम सोडू नये. स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद ठेवावे. हातातील प्रकल्प अर्धवट असताना प्रणालीला स्पर्शही करू नये, आणि टाइम मशीनची प्रत दुसऱ्या डिस्कवर असल्याशिवाय हे यंत्र कामाला जुंपू नये.

विंडोज सॅमसंगच्या डिस्कवर स्वतंत्रपणे बसवावे, आणि ते बसवताना मॅकची डिस्क काढून ठेवावी, म्हणजे विंडोज आपला बूटलोडर भलत्या डिस्कवर टाकणार नाही. ओपनकोरच्या यादीतून विंडोज सुरू करता येते, पण ओपनकोरने पेरलेल्या दुरुस्त्या मग विंडोजलाही लागू होतात; त्यापेक्षा बोर्डाची बूटची यादी वापरावी, जी असूसवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२ आणि एमएसआयवर एफ११ ने उघडते. असे दोन्हींत ये-जा करताना विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तासांनी मागे गेलेले दिसेल. बोर्डाचे घड्याळ मॅकओएस जागतिक वेळेवर चालवते आणि विंडोज ते स्थानिक वेळेवर असल्याचे मानते, हा त्याचा उलगडा. विंडोजच्या रेजिस्ट्रीत टाइमझोन इन्फर्मेशनच्या खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ या मूल्यासह घालावी. त्यानंतर दोन्हीकडे वेळ सारखीच दिसेल आणि फायलींवरच्या तारखाही घोटाळा करणार नाहीत.